दुखण्यांची हजेरी

ताईंकडे कुठल्याही कामाची तारीख मागायची नाही, हे आमच्या शाळेत रुजू होणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच कळायचं. मला कळायला जास्त वेळ लागला, कारण तारखा मागणं हेच माझं काम. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मुलींच्या सरकारी शाळेत मी वाणिज्य शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून शाळेचं वेळापत्रक माझ्याकडे आहे. कोणाचा तास कुठे, कोणाच्या जागी कोण, परीक्षेला कोण कुठल्या खोलीत, हे मी ठरवते. घरी फ्रिजच्या दारावर माझी यादी असते आणि आमचे हे ती वाचल्याशिवाय दूध आणायलाही निघत नाहीत.

ताई भूगोल शिकवायच्या. वयाने माझ्याहून चांगल्या दहा-बारा वर्षांनी मोठ्या. सगळी शाळा त्यांना ‘मैडम’ म्हणायची. मी एकटी ‘ताई’ म्हणायची, कारण स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच मराठी बोलणाऱ्या होतो. त्या मला ‘लिस्टवाली’ म्हणायच्या. पेपर कधी तपासून होतील, नकाशे कधी लावायचे, बदली तास कधी घेणार, काहीही विचारलं तरी उत्तर एकच.

“उद्याचं मले इचारू नको बापा. आजचं इचार.”

सुरुवातीला मला हा कामचुकारपणा वाटला. नंतर दिसलं, की ‘आज’ म्हटल्यावर त्या एवढं काम उरकायच्या, की आमच्यासारख्या दोघींनाही जमलं नसतं. चांगल्या दिवशी दोन वर्गांचे पेपर एका बैठकीत तपासून माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, घे तुझी तारीख.

स्टाफरूममध्ये खिडकीजवळची वेताची खुर्ची त्यांची. तिच्यावर दोन उशा, एक बसायला, एक पाठीला. प्रार्थनेआधी त्या तिथे येऊन बसायच्या, चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि हजेरी घ्यायच्या. मुलींची नव्हे, दुखण्यांची. मान, डावा खांदा, उजवा खांदा, कोपर, कंबर, मांड्या, पोटऱ्या, तळपाय. वर्गात नाव घेतल्यासारखं एकेक नाव मनात घ्यायचं आणि उत्तर येतं का ते पाहायचं. उत्तर आलं म्हणजे ते दुखणं हजर. डोळे उघडले की त्या आम्हाला निकाल सांगायच्या. मानेतली पोट्टी आली आहे. गुडघ्यातल्या दोघी बहिणी आज सुट्टीवर. कमरेतली मागच्या बाकावरची आहे, गप्प बसली आहे, पण दुपारी गोंधळ घालणार. एकदा म्हणाल्या, कालपर्यंत खांद्यात होती ती आज मांडीत येऊन बसली.

“अशी कशी?” मी विचारलं.

“बदली झाली तिची. सरकारी नोकरी हाय.”

आम्ही हसलो. त्याही हसल्या, पण खांदे न हलवता. त्यांचं हसणं फक्त चेहऱ्यापुरतं असायचं. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.

त्यांना हात लावायचा नाही, हा दुसरा नियम. हा नियम कोणी सांगितलेला नव्हता, त्यांची छत्री सांगायची. उन्हाळा, हिवाळा, पावसाळा, ताईंच्या हातात मिटलेली काळी छत्री असायचीच, आणि ती आडवी धरलेली. बाजारात, स्टेशनच्या पुलावर, परीक्षेच्या गर्दीत ती छत्री त्यांच्या पुढे एक हात जागा मोकळी करत चालायची. ऑटोत बसल्या की ती शेजारच्या प्रवाशाच्या आणि त्यांच्यामध्ये उभी. एकदा एका जाड बाईने कुरकुर केली, तेव्हा ताई तिला शांतपणे हिंदीत म्हणाल्या, की ही आंतरराष्ट्रीय सीमा आहे, इकडे यायला व्हिसा लागतो. ती बाई ऑटोतून उतरेपर्यंत त्यांच्याकडे वेड्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती.

खांद्याला पर्स त्यांनी कधी लावली नाही. पट्टा जिथे टेकतो तिथे दिवसभर ठणका लागायचा. काही दिवस असे यायचे, की साडीचा पदरसुद्धा जड व्हायचा. त्या दिवशी पदर खांद्यावर पिन न लावता कमरेला खोचलेला असायचा, आणि मी न विचारता त्यांचा शेवटचा तास दुसऱ्या कोणाला तरी द्यायची. यावर आम्ही कधी बोललो नाही.

या दुखण्याला बरीच वर्षं नाव नव्हतं. बालाघाटला रक्त तपासलं, गोंदियाला एक्स-रे काढले, पुन्हा रक्त तपासलं. प्रत्येक वेळी डॉक्टर आनंदाने सांगायचे, सब नॉर्मल है. हे वाक्य ऐकून घरी परतणं म्हणजे काय असतं, ते ताई एकदा मला सांगत होत्या. इतर माणसं रिपोर्ट चांगला यावा म्हणून हात जोडतात आणि ही बाई मनात म्हणत असते, काहीतरी निघू दे. स्टाफरूममध्ये लोक वाईट नव्हते, पण बोलायचे. सकाळी लंगडत आलेली बाई दुपारी जिना भरभर चढते, म्हणजे काय समजायचं? एका सरांनी चहा पिता पिता म्हटलं होतं, की मैडम का दर्द कैलेंडर देखकर आता है. ताईंनी ऐकलं आणि उत्तर दिलं, की कॅलेंडर पाहून आलं असतं तर आमच्या लिस्टवालीने त्याला वेळापत्रकात बसवलं असतं.

प्रेमापोटीही त्रास दिला लोकांनी. शाळेतल्या चार जणींनी मिळून एकदा मोहाचं तेल घेऊन एक मालिशवाली त्यांच्या घरी धाडली. तिचा हात म्हणे असा होता, की अडकलेली माणसं उठून चालू लागतात. ताईंना नाही म्हणता आलं नाही. त्यानंतरचा आठवडा त्या कुशीवर वळू शकत नव्हत्या. बऱ्या होऊन आल्यावर चौघींना त्यांनी पेढे दिले आणि सांगितलं, की बाईचा हात खरंच चांगला आहे, फक्त तो भिंतीवर वापरायचा.

नाव शेवटी नागपूरला मिळालं. सांधेवाताच्या एका डॉक्टरीणबाईंनी तासभर त्यांचं ऐकलं, बोटाने इथे तिथे दाबून पाहिलं, झोपेबद्दल विचारलं, सकाळी उठल्यावर ताजं वाटतं का विचारलं, बोलता बोलता शब्द हरवतात का विचारलं. मग सांगितलं, की याला फायब्रोमायल्जिया म्हणतात. याने सांधे वाकडे होत नाहीत, जीव जात नाही, पण ते पूर्ण जातही नाही. थोडं चालायचं, झोपेची वेळ पाळायची, गोळी घ्यायची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चांगल्या दिवशी हुरळून अंगाबाहेरचं काम करायचं नाही. चांगला दिवस पुरवून वापरायचा.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्टाफरूमच्या फळ्यावर ते नाव मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली रेघ मारली. कोणीतरी विचारलं, हे काय? म्हणाल्या, दक्षिण अमेरिकेतली नदी आहे, माझ्या अंगातून वाहते. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “दुखणं तेच हाय. पण मी खोटी नाही हे मले आज समजलं. मलेच शंका येऊन राह्यली होती.”

त्या एवढ्या हळू बोलल्या, की मला जे ऐकू आलं ते नक्की ऐकलं का, असं वाटलं.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी पाहुण्यांच्या यादीत त्यांचं नाव सर्वांत वर लिहिलं आणि पत्रिका द्यायला गेले. त्यांनी पत्रिका वाचली, तारखेवर बोट ठेवलं आणि पत्रिका मिटली. लग्नाला आठवडा असताना, भर दुपारी, घरात पापड-कुरडयांचा पसारा पडलेला, तेव्हा त्या आमच्या दारात उभ्या. नवी साडी, केसांत गजरा, हातात फुलांची पुडी. मुलीला म्हणाल्या, बस पाटावर. आम्ही पाट मांडला. ताईंनी पुडी सोडली आणि तिच्या डोक्यावर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या.

“तुमच्यात अक्षता असते, आमच्यात फुलं. आज माह्या अंगाले बरं हाय, म्हणून आज माह्यासाठी लग्न. लाडू हाय का घरात?”

लाडू तयार होते. त्यांनी एक खाल्ला, आहेर दिला, व्याह्यांची चौकशी केली आणि निघाल्या. आमच्या घरची माणसं तोंडावर पदर घेऊन हसली. लग्नाच्या दिवशी त्या आल्या नाहीत, येऊ शकल्या नाहीत. आज मुलगी त्या लग्नाची आठवण काढते तेव्हा मांडव, बँड काही सांगत नाही. त्या पाकळ्यांचं सांगते.

पण ताई म्हटलं की मला आधी आठवते ती सहल.

ताईंचे वडील मूळचे भंडाऱ्याकडचे. मलाजखंडला तांब्याची खाण सुरू झाली तेव्हा ते तिथे कामाला आले आणि पुढे डंपर चालवू लागले. ताईंचं बालपण त्या वसाहतीत गेलं. बारावीच्या भूगोलाच्या मुलींना ती खाण दाखवायची, हे त्यांनी नोकरीच्या सुरुवातीपासून पाळलं होतं. आणि त्या सहलीला तारीख नसायची.

संक्रांतीच्या आसपास सगळी तयारी करून ठेवलेली असायची. पालकांच्या सह्या घेतलेल्या, खाणीवाल्यांना महिनाभराची कल्पना दिलेली. वारासिवनी रोडवरच्या एका बसवाल्याची मुलगी कधीकाळी त्यांच्या हाताखाली शिकली होती, तो एक बस त्यांच्यासाठी मोकळी ठेवायचा. मग वाट पाहणं सुरू. बारावीच्या मुली त्या दिवसांत रोज डब्यात दोन पोळ्या जास्तीच्या आणायच्या आणि रोज दुपारी खाऊन टाकायच्या. आणि एखाद्या सकाळी, हजेरीत सगळी दुखणी गैरहजर निघाली, की ताई प्रार्थनेच्या ओट्यावर चढायच्या आणि एकच शब्द बोलायच्या. “आज.” मैदानावर असा गलका व्हायचा, की बाकीच्या वर्गांची प्रार्थना राहून जायची. तासाभरात बस फाटकात.

मला हे वेळापत्रकाच्या दृष्टीने असह्य होतं. एका फटक्यात पाच तास कोलमडायचे. पण जुन्या मुख्याध्यापिका म्हणायच्या, की ही एक सुट्टी देवाने ठरवलेली आहे असं समजा.

मग काळ बदलला. कुठेतरी एका शाळेच्या बसला अपघात झाला आणि वरून आदेश आला. सहलीची तारीख आधी कळवायची, बसचे कागद जोडायचे, सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावं द्यायची, लेखी मंजुरी आल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल नाही. तो आदेश मला तेव्हाही पटला, आजही पटतो. पोरी दुसऱ्यांच्या असतात. नवे मुख्याध्यापक तरुण होते, नियमाने चालणारे होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं. त्या वर्षी फेब्रुवारीअखेर ताई निवृत्त होणार होत्या. म्हणजे ही त्यांची शेवटची तुकडी आणि शेवटची सहल.

कागद मी तयार केले. तारखेची जागा रिकामी ठेवून त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. म्हणाल्या, “तूच टाक. मले तारीख टाकता येत नाही.”

मी हवामान पाहिलं, परीक्षा पाहिली, आणि जानेवारीतला एक सोमवार टाकला. आधीचा रविवार त्यांना विश्रांतीला मिळेल, असा माझा हिशेब. बसमध्ये ड्रायव्हरमागची सीट त्यांच्यासाठी, दोन उशा, गरम पाण्याची पिशवी, जेवणाची वेळ, सगळं लिहून काढलं. इतकी नीट आखलेली सहल आमच्या शाळेतून कधी निघाली नव्हती.

सोमवारी सकाळी धुकं होतं. ताई ऑटोतून उतरल्या तेव्हाच मला दिसलं. पदर कमरेला खोचलेला. चेहरा रात्रभर जागल्याचा. मी जवळ गेले, तर म्हणाल्या, “फुल हजेरी हाय आज. एकही घरी नाही राह्यली.”

तरी त्या बसपाशी आल्या. दाराजवळ उभ्या राहून मुलींची हजेरी घेतली, यादी न पाहता, नाव घेऊन एकेकीला आत सोडलं. शेवटची मुलगी चढली. मग त्यांनी दाराचा दांडा धरला आणि पाय उचलला. पाय पायरीपर्यंत गेला, पण दांड्यावरची मूठ मिटेना. पुन्हा एकदा प्रयत्न केला. मी हात पुढे केला आणि मधेच थांबवला, कारण तो कुठे लावायचा ते मला कळेना.

त्या मागे सरकल्या. मला म्हणाल्या, “पोट्ट्यायले डंपर दाखवजो. आगपेटीएवढे दिसतात. ते दाखवशीन.” आणि छत्री उंच करून ड्रायव्हरला निघायची खूण केली.

सहल वेळेवर गेली, वेळेवर आली. खाणीत एका माणसाने भोंग्यावरून किती टन, किती मीटर ते सांगितलं. मुलींनी फोटो काढले. मी डंपर दाखवले, त्यांनी पाहिले आणि पुन्हा फोटो काढायला लागल्या. सगळ्या मुली मोजून परत आणल्या.

मंगळवारी सकाळी ताई शाळेत आल्या त्या चालत. हातात छत्री नाही. पदर खांद्यावर, पिन लावलेली. खुर्चीवर बसल्यासुद्धा नाहीत. मी पाहिलं आणि मला सगळं कळलं. त्या सरळ बारावीच्या वर्गात गेल्या. मी शेजारच्याच वर्गात होते, भिंतीला वर झरोके आहेत, आवाज येतो. त्यांनी विचारलं, काल काय पाहिलं? मग एकीने सांगितलं, “मैडम, बहुत बड़ा गड्ढा था।” वर्ग हसला.

तास संपल्यावर त्या मुख्याध्यापकांकडे गेल्या. पोरींना पुन्हा एकदा नेता येईल का, आज? त्यांनी अदबीने सांगितलं, की मैडम, मंजुरी कालची होती आणि उद्यापासून सराव परीक्षा. ताईंनी वाद घातला नाही. त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“गड्ढा,” त्या म्हणाल्या. “इतकंच दिसलं त्यायले. चाल, तू तरी चाल.”

मी वेळापत्रक उघडलं. माझे दोन तास होते. आयुष्यात प्रथमच मी माझ्याच नावापुढे दुसऱ्याचं नाव लिहिलं, दोघींच्या अर्ध्या रजेचा अर्ज ठेवला आणि आम्ही स्टँडवरून बैहरमार्गे मलाजखंडला जाणारी बस पकडली. गांगुलपाऱ्याच्या घाटात वळणं लागतात, बस हेलकावते. ताई खिडकीशी ताठ बसल्या होत्या आणि जंगलाकडे पाहत होत्या. मी एकदा सांगून पाहिलं, की डॉक्टरीणबाईंनी चांगल्या दिवशी जपायला सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, की हो, सांगितलं आहे. आणि पुढच्या सीटच्या दांड्यावर त्यांनी मुठी आवळून दाखवल्या, घट्ट, दोन्ही हातांच्या.

खाणीच्या फाटकाकडे आम्ही गेलोच नाही. वसाहतीच्या मागून एक पायवाट टेकाडावर जाते, ती त्यांना लहानपणापासून माहीत. वर उभं राहिलं की जाळीपलीकडे खाणीची एक बाजू दिसते. पायरीवर पायरी कापलेला डोंगर आणि तळाशी हिरवट निळं पाणी. काल मी हेच जवळून पाहिलं होतं आणि मलाही खड्डाच दिसला होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

ताईंनी मला जाळीपाशी उभं केलं आणि धडा घेतला. हात लांब कर. अंगठा उभा धर. एक डोळा मीट. ती पिवळी आगपेटी दिसते का, वाटेवर सरकते ती? अंगठ्याने झाक तिला. झाकली? आता ऐक. तिचं एक चाक तुझ्याहून उंच आहे. आता अंगठा किती मोठ्या गोष्टीवर ठेवला आहेस ते पाहा. मग म्हणाल्या, बोलू नकोस, डंपर माल ओतेल तेव्हा आवाज कधी येतो ते बघ. मी पाहत राहिले. दूर तिथे माल सांडला, धूळ उठली, काहीच ऐकू आलं नाही. धूळ बसायला लागली आणि मग आवाज आला.

“एवढ्या लांब होते माहे बाबा,” ताई म्हणाल्या. “मी इथेच उभी राहून पाहो. माय डबा द्यायले पाठवे ना, तर मी आधी इथे येऊन अंगठा धरो. वाटे, बाबा माह्या अंगठ्यामागे हायेत, म्हणजे त्यायले काही होणार नाही.”

मी अजून हात तसाच धरून उभी होते.

वारा सुटला होता. ताईंनी पदर सावरला, माझ्याकडे पाठ करून खाणीकडे तोंड केलं आणि एकाएकी आरती म्हणून हाक मारली. मला वाटलं कोणी आलं. पुन्हा म्हणाल्या, आरती. मग मला कळलं आणि मी म्हटलं, “हजर.” अंजली. हजर. भारती. हजर. दिव्या. वर्गातल्या साऱ्या मुलींची नावं त्यांनी रजिस्टरच्या क्रमाने घेतली, एकही न चुकता, आणि प्रत्येकीच्या वतीने मी उत्तर देत गेले. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. शेवटचं नाव झालं तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, की पोरी इथे असत्या तर आता सहल पूर्ण झाली असती.

परतीच्या बसमध्ये त्यांचा चेहरा उतरायला लागला होता, पण त्या आनंदात होत्या. बैहर मागे पडल्यावर म्हणाल्या, “उद्या पेपर झाल्यावर मले बारावीचा तास दे. उद्या येते मी. पोट्ट्यायले सारं सांगते. बाबांचं बी सांगते.”

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून ‘उद्या’ मी पहिल्यांदा ऐकलं. मला इतकं बरं वाटलं, की बसमध्येच मी त्यांच्या तासाची जागा मनात पक्की केली. त्या आनंदाचं मला आजही वाईट वाटतं.

बुधवारी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. ताईंना उठून बसता येत नव्हतं. तो चांगला दिवस त्यांनी एका दमात वापरून टाकला होता आणि पुढचे कित्येक आठवडे अंगाने त्याची परतफेड मागितली. बारावीची तयारीची सुट्टी लागली, परीक्षा झाली, मुली पांगल्या. निवृत्तीचा समारंभ त्यांच्याविना झाला, शाल आणि नारळ मी घरी नेऊन दिले. शाल त्यांनी मांडीवर ठेवली, खांद्यावर घेतली नाही. आता त्या तुमसरला बहिणीकडे असतात. मी फोन करते तेव्हा आधी ‘जय भीम’, मग कोण कोण हजर ते सांगतात. हल्ली नावं थोडी विसरतात, मानेतलीला कधी कमरेतली म्हणतात. मी भेटायला कधी येऊ ते विचारत नाही. त्या म्हणतील त्या दिवशी निघायचं, म्हणून एक पिशवी भरलेली असते. अजून त्यांचा ‘आज’ आलेला नाही.

त्या बुधवारी मात्र तास ठरलेला होता. पेपर झाल्यावर बारावीच्या मुली वर्गात बसल्या होत्या, मैडम येणार म्हणून. मी गेले. मी त्यांना हात लांब करायला सांगितलं, अंगठा उभा धरायला सांगितलं. आगपेटीचं सांगितलं, चाकाचं सांगितलं, आवाज मागून येतो ते सांगितलं. सगळा वर्ग अंगठे धरून फळ्याकडे पाहत होता. फळ्यावर काहीच नव्हतं, फक्त कालची तारीख होती.

त्या डंपरमध्ये कोण असायचं, ते सांगायला मी तोंड उघडलं आणि थांबले. ते माझं नव्हतं.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, “मैडम कब आएँगी?”

माझ्याकडे सगळ्या गोष्टींच्या तारखा असतात. मी डस्टर घेतला, कालची तारीख पुसली, आजची लिहिली, आणि मुलींना हात खाली घ्यायला सांगितलं.